चाखूमामांची जीभ

चाखूमामांना मी एकोणीस वर्षं रोज बघत होते, आणि या माणसाबद्दल मला कळायचं आता काही उरलेलं नाही अशी माझी समजूत होती. मी कारखान्याच्या वजनकाट्यावर बसते. ट्रक भरलेला आत येतो, रिकामा बाहेर जातो. दोन्ही वेळचं वजन मी टिपते, मधला फरक म्हणजे माल. वर्षानुवर्षं असं काम केलं की माणसाला आपल्या नजरेचा ताठा चढतो. मला तर चांगलाच चढला होता. तो कसा उतरला तेच सांगायचं आहे.

आमचा कारखाना फळांचा, पण फळ आमच्या नशिबात नाही. रस काढणारे रस काढतात, फोडी विकणारे फोडी विकतात, आणि मागे राहिलेला चोथा आमच्या फाटकातून आत येतो. सालं, गाभे, बिया, दबलेले तुकडे. तो मोठ्या टाकीत पडतो, त्यात गरम पाणी आणि एक भुरकट पूड घालतात, आणि ढवळणी फिरत राहते. ती पूड चोथ्याचं अंग सैल करते आणि आत अडकून बसलेली साखर हळूहळू पाण्यात उतरते. ते गोड पाणी शेजारच्या यीस्टच्या टाकीत सोडलं की पुढे त्याचं स्पिरिट होतं.

सगळी गोम आहे ती सोडायच्या वेळेत. लवकर सोडलं तर साखर सालातच राहते आणि यीस्ट उपाशी मरतं. उशीर केला तर हवेतले जंतू आधी ताव मारतात आणि टाकी आंबून जाते. मधला तास-दीड तास काय तो आपला. तो ओळखायला आमच्याकडे डोळ्याला लावायची एक नळी होती, तिला सगळे दुर्बीण म्हणायचे. पण ती पाण्यात जे जे विरघळलं असेल ते सगळंच मोजते. साखर, आंबटपणा, सालाचा चिकटा, तिला सगळे सारखे. बाहेरच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवला तर उत्तर दोन दिवसांनी, म्हणजे टाकी धुऊन वाळल्यावर. म्हणून मग मामांची जीभ.

लांब दांड्याची पळी टाकीत बुडवायची, फुंकर मारून निववायची, घोट जिभेवर घेऊन डोळे मिटायचे, आणि मग गटारात थुंकायचं. झडपेच्या चाकावर हात ठेवून झडपवाला उभा. मुकादम उभा. कधी कधी साहेबसुद्धा. "मामा, किती आणे?" असं कोणीतरी विचारायचं आणि मामा सांगायचे. आठ आणे म्हणजे अर्धी उतरली. बारा आणे म्हणजे झडपवाल्याने लांब जाऊ नये. आणि सोळा आणे म्हणाले की चाक फिरायचंच. बावीस वर्षांत मामा दोनदा चुकले होते, आणि ते दोन्ही किस्से नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवले जायचे, इतके ते दुर्मीळ.

या जिभेपायी मामांनी कधी तिखट खाल्लं नाही, तंबाखूला हात लावला नाही, टाकी सोडेपर्यंत चहा घेतला नाही. आम्ही त्यांना सोवळ्यातली जीभ म्हणायचो. अंगाने काटकुळे, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, बोलणं बेताचं. मूलबाळ नाही. घरी मामी आणि ते. मामींना साखरेचा त्रास होता, आणि त्यावरून मी मामांना चिडवायचे. म्हणायचे, तुमचं बरं आहे मामा, इथे साखर वाढली की तुमचा चेहरा खुलतो आणि घरी वाढली की पडतो. ते हसायचे. मामी दिवसातून तीनदा बोटाला टोचून, रक्ताचा थेंब पट्टीवर घेऊन, हातात मावेल एवढ्या मीटरवर साखर बघायच्या. मामा संध्याकाळी घरी गेले की आधी मीटर बघणार, मग चपला काढणार.

मामी गेल्या तेव्हा मी गेले होते. सकाळी चहाचं आधण ठेवलं, जरा बसते म्हणाल्या, आणि बसल्या त्या उठल्याच नाहीत. महिनाभरात मामा तापाने आडवे झाले. तीन आठवड्यांनी कामावर आले तेव्हा शर्ट अंगावर लोंबत होता, बाकी सगळं जिथल्या तिथे. पळी, फुंकर, मिटलेले डोळे, सोळा आणे. मला वाटलं, सावरला माणूस.

पुढचं मला फार उशिरा कळलं, पण तुम्हाला आधीच सांगते; गोष्ट लपवून ठेवून शेवटी काढायची मला हौस नाही. त्या तापात मामांची चव गेली होती. वाससुद्धा. शेजारच्या बाईने दिलेलं सूप कोमट पाण्यासारखं लागलं तेव्हा त्यांना वाटलं, दुःखात असं होत असेल. मग त्यांनी अर्धं लिंबू कापून जिभेवर ठेवलं. ते फक्त गार लागलं. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. ती आली नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी नुसत्या घड्याळाच्या अंदाजाने सोळा आणे म्हटलं आणि नशिबाने ते बरोबर निघालं. त्या संध्याकाळी घरी गेले, तर फडताळात मामींचं मीटर होतं. त्याच्या पाऊचमध्ये पट्ट्यांची अर्धी डबी होती.

साखर ती साखर. रक्तातली काय आणि सालातली काय. दुसऱ्या दिवसापासून मामा नमुन्याची वाटी घेऊन टाकीमागच्या धुण्याच्या खोलीत जायला लागले. सिरिंजने एक भाग रस, तीस भाग पाणी, त्यातला थेंब पट्टीवर. प्रयोगशाळेचे जुने-नवे कागद लावून बघत त्यांनी पाणी असं बसवलं होतं की मीटरवर एकशे साठ आले म्हणजे सोळा आणे. मग बाहेर येऊन सगळ्यांसमोर पळी, फुंकर, डोळे. नाटक फक्त तेवढंच. आठ-बारा आणे ते घड्याळावरून सांगायचे, पण सोळाचा आकडा मीटरचा, खरा असायचा.

सांगून टाकायचं होतं की, असं मी त्यांना नंतर म्हटलं. त्यावर ते जे बोलले ते मी विसरणार नाही. "ताई, दिवसभरात मला कोणी एक प्रश्न विचारायचं. मामा, किती आणे. घरी गेलो की तोसुद्धा नाही."

इथवर निभावलं असतं. पण एका संध्याकाळी मामा मीटरचं मागे जायचं बटण दाबत बसले होते. हा त्यांचा रोजचा उद्योग झाला होता. मीटर जुने आकडे तारीख-वेळेसकट साठवून ठेवतं, आणि त्यात मामींचे साडेचार महिने होते. कुठल्याशा लग्नात चोरून मिठाई खाल्ली त्या संध्याकाळचे दोनशे सत्त्याऐंशी. हातपाय कापायला लागले त्या पहाटेचे बासष्ट. तेव्हा मामांनी त्यांना चमच्याने साखर भरवली होती आणि दोघं स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून हसत सुटली होती. मामा मागे मागे गेले आणि बघतात तर लग्नातला आकडा नाही. त्यांनी बारीक अक्षरातलं माहितीपत्रक काढलं. मीटर चारशे आकडे ठेवतं. भरलं की नवा एक आत येतो आणि सगळ्यात जुना एक निघून जातो.

म्हणजे टाकी एकदा बघितली की मामींच्या एका दिवसाचा तुकडा पुसला.

दुसरं मीटर घ्यायचं की, तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. त्या बनावटीची मीटरं यायची बंद झाली होती, फक्त पट्ट्या यायच्या. दुसऱ्या बनावटीचं आणलं तर त्याला चोथ्याचं पाणी मानवेना; ते नुसतं चूक चूक दाखवायचं. आकडे वहीत उतरवून घ्यायचे, तर तेही त्यांनी केलं होतं. पण म्हणाले, वहीतलं अक्षर माझं, मीटरमधला आकडा तिच्या बोटाचा.

पट्ट्या संपल्या की मामा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे जायचे. त्याला मामी गेल्याचं माहीत नव्हतं. तो डबी काढता काढता विचारायचा, काय म्हणते वहिनींची साखर. मामा म्हणायचे, आटोक्यात आहे. पट्ट्या घ्यायच्या म्हणून ते खोटं बोलायचे हे खरं. पण डबीत दहा-बारा पट्ट्या शिल्लक असतानाही ते जायचे, हेही खरं.

आणि मी? मी रोज दुपारी डबा उघडून त्यांच्यासमोर ठेवायचे आणि विचारायचे, मीठ कसं झालंय. ते म्हणायचे, नेमकं. एक दिवस मी भाजीत मीठच घालायला विसरले. घरी नवऱ्याने ताट बाजूला सारलं. मामांनी सगळी भाजी संपवली आणि म्हणाले, नेमकं. मला वाटलं, काय सभ्य माणूस आहे. एका टाकीला एक, आठवड्याला सहा आकडे याप्रमाणे सव्वा वर्ष माझ्या नाकासमोर हे चाललं होतं, आणि मी ट्रक मोजत होते.

मग तारावाली आली.

हे तिचं नाव आमच्या लोकांनी ठेवलं. सेन्सर बसवायला आलेली शिकलेली मुलगी, तिशीच्या आतली, केस वर बांधलेले, खिशात कायम स्क्रूड्रायव्हर. तिने टाकीत दोन बारीक दांड्या सोडल्या आणि त्यांच्या तारा एका पडद्याला जोडल्या. मला तिने समजावलं ते असं: दांडीच्या टोकाला एक थर दिलेला असतो, साखर त्याला भेटली की बारीकसा विजेचा प्रवाह निघतो, साखर जास्त तर प्रवाह जास्त. पडद्यावर रेघ चढताना दिसायची. पळी नको, थुंकणं नको, वाट बघणं नको.

सगळ्यांना वाटलं, आता जुंपणार. झडपवाला तर मामांच्या बाजूने पैज लावून बसला. मामा मात्र रोज सकाळी येऊन तिला विचारायचे, तुझी तार शिकली का गं. त्यांच्या आवाजात आर्जव होतं. मला ते लाचारीचं वाटलं आणि मी एकदा बोलूनही दाखवलं, की मामा, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची एवढी घाई कशाला. आज कळतं, तार शिकावी म्हणून कारखान्यात एकटाच माणूस देव पाण्यात घालून बसला होता. तार पक्की झाली की मीटर पाऊचमध्ये जाणार होतं.

पण तार शिकणार कोणाकडून? मामांकडूनच. साहेबांनी ठरवलं, तीन टाक्या, दर अर्ध्या तासाने मामांनी चाखायचं आणि आणे सांगायचे, त्याच वेळी पडद्यावरची रेघ टिपायची, आणि दोन्ही जुळले तर जीभ निवृत्त. एका टाकीला तेरा चाखण्या. मामांनी तारावालीला विचारून पाहिलं, तीन-चार घेतल्या तर चालणार नाही का. ती म्हणाली, नाही मामा, आलेखावरच्या एवढ्याशा ठिपक्यांवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

त्या संध्याकाळी मामांनी बटण दाबत दाबत मोजलं. मामींचे चाळीस आकडे उरले होते. तेरा त्रिक एकोणचाळीस. एक उरणार होता, आणि तो शेवटचा असणार होता. मामी गेल्या त्या दिवशीचा, सकाळी सहा चाळीसचा. मामांनी हो म्हटलं.

पहिली टाकी संत्र्याच्या सालांची. मामा दर अर्ध्या तासाला वाटी घेऊन धुण्याच्या खोलीत जायचे. जिभेला खळखळून चूळ भरावी लागते, असं त्यांनी सांगितलं होतं. रेघ आणि आणे हातात हात घालून चढले. दुसरी टाकी तशीच. तारावाली हरखली. मला म्हणाली, ताई, असा माणूस मी बघितला नाही, याची जीभ माझ्या तारेपेक्षा सरळ रेघ काढते. मीही मान डोलावली. आपल्या माणसाचं कौतुक कोणाला नको असतं.

तिसऱ्या टाकीचा माल माझ्या काट्यावरून गेला. कापलेली फळं डब्यात भरून विकणाऱ्या एका कारखान्याचा तो टाकाऊ माल होता, सफरचंदाच्या फोडी. दोन दिवसांच्या शिळ्या, तरी पांढऱ्याशुभ्र. मी ड्रायव्हरला म्हटलंसुद्धा, आमच्या घरी फोड कापली की पाच मिनिटांत काळी पडते, तुमच्या बऱ्या गोऱ्या राहिल्यात. तो म्हणाला, पावतीवर सगळं लिहिलंय. मी पावतीवरचं वजन वाचलं आणि ती खिळ्याला टोचली.

त्या टाकीत रेघ सरसर चढली. मामांचे आणेही, म्हणून तेरा चाखण्या पुऱ्या करायला साहेबांनी त्या दर पाव तासाने घ्यायला लावल्या. नेहमीच्या निम्म्या वेळात दोघांनी एकाच मिनिटाला सोळा गाठले. चाक फिरलं. आणि यीस्टच्या टाकीत एक बुडबुडा आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सगळी टाकी गटारात सोडावी लागली.

साहेब तारावालीवर घसरले, पण मामांकडे बघून घुटमळले. तार चुकते हे त्यांना समजत होतं. मामा चुकले हे पचत नव्हतं. शेवटी म्हणाले, त्याच फोडींचा अर्धा माल पडला आहे, चौथी टाकी लावा, पुन्हा तेरा चाखण्या. मी फाटकातून मामांकडे पाहिलं. त्यांनी शर्टाच्या खिशावर हात दाबून धरला होता. मला वाटलं, अपमान झाला म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला ते टाकीकडे न जाता माझ्या खोलीत येऊन बसले. बरं नाही का विचारलं तर मान हलवली. तेवढ्यात तारावाली आली आणि म्हणाली, ताई, परवाची फोडींची पावती बघू. मी खिळ्यावरून काढून दिली. तिने वाचली, परत गेली, आणि आठ वाजता हातात वाटी घेऊन आली. मामांसमोर धरली. म्हणाली, आठची चाखणी.

इथे धुण्याची खोली नव्हती. मामांनी वाटी घेतली. घोट जिभेवर घेतला, डोळे मिटले, नेहमीइतकाच वेळ घेतला आणि तो गिळूनच टाकला. म्हणाले, सहा आणे, कच्ची आहे, पण गोडी धरायला लागली आहे.

तारावालीने वाटी माझ्याकडे केली. मी बोट बुडवून चाटलं. दात आंबले, डोळ्यांत पाणी आलं, कानामागून शिरशिरी गेली. असलं जहाल आंबट मी जन्मात चाखलं नव्हतं. फोडी काळ्या पडू नयेत म्हणून त्या एका आंबट पांढऱ्या पुडीच्या पाण्यात बुडवून काढलेल्या होत्या, आणि ते पावतीवर लिहिलेलं होतं. त्या पुडीलाही तारेचा प्रवाह वाढवता येतो. तारेला वाटलं, साखरच आली.

"मामा," तारावाली म्हणाली, "माझी तार चुकली, कारण तिला जीभ नाही. तुम्ही का चुकलात?"

बाहेर एक ट्रक काट्यावर येऊन उभा होता आणि हॉर्न वाजवत होता. मी उठले नाही. मामांनी गळ्याचं बटण काढलं, शर्टाच्या आतल्या खिशातून पाऊच काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. मग जे मी तुम्हाला आधीच सांगितलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं. थांबत थांबत, टेबलाकडे बघत. शेवटी म्हणाले, आता एकच राहिला आहे, तो मी तुमच्या टाकीसाठी देणार नाही, मला कामावरून काढा.

तारावालीने मीटर उचललं, उलटसुलट करून बघितलं. हे आणि माझी तार एकाच घरची भावंडं आहेत, त्या पुडीला दोघंही फसली, म्हणाली. मग तिला राग आला, आणि तो खोटा नव्हता. तीन टाक्या ती तारेची तारेशी गाठ घालून बघत बसली होती. एकोणचाळीस ठिपके, आणि त्यात माणूस एकही नाही. सगळे फेकून द्यावे लागणार होते. ती दारापर्यंत गेली, परत आली, आणि मामांच्या शेजारी बाकावर बसली. मला रडू आलं ते मी लपवलं नाही. मीठ कसं झालंय, असं मी त्या माणसाला सव्वा वर्ष विचारत होते.

साहेबांकडे मामा स्वतः गेले. आम्ही दोघी दाराबाहेर. मग साहेब बाहेर आले आणि तारावालीला विचारलं, त्या दांड्यांवर सालाचा चिकटा बसतो म्हणतेस, तो कोण पुसणार? ती म्हणाली, दर दोन तासांनी मऊ ब्रशने पुसायला हवं, हात हलका पाहिजे. साहेब म्हणाले, हात तर आहेत ना यांचे. एवढं बोलून ते निघून गेले. त्यांना यापेक्षा बरं बोलता येत नाही.

तेव्हापासून मामा दांड्या पुसतात. तारावालीने आंबटपणा वजा करायला तिसरी दांडी बसवली आणि जाताना साहेबांना बजावून गेली की तारेशेजारी एक खरी जीभ कायम हवी. ती जबाबदारी माझ्या गळ्यात पडली. माझा चहा बंद झाला, तिखट बंद झालं, आणि नवरा म्हणतो की माझी जीभ उभ्या आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या उपयोगाला आली. मी पळी घेऊन डोळे मिटते तेव्हा मामा ब्रश घेऊन शेजारी उभे असतात, आणि मला विचारतात, ताई, किती आणे. मी सांगते. मग मी त्यांना विचारते, मामा, दांड्या कशा आहेत. त्या पडद्यावर दिसतातच. तरी विचारते.

हे सगळं उघड झालं त्यानंतर आठवड्याने मला खोकल्याचं औषध घ्यायचं होतं. मामा म्हणाले, मीही येतो. संध्याकाळचे सहा वाजले होते, दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. औषधवाल्याने मामांना बघितलं आणि सवयीने मागे वळून पट्ट्यांची डबी काउंटरवर ठेवली. विचारलं, काय म्हणते वहिनींची साखर.

मामांनी डबीवर हात ठेवला. मला वाटलं, घेतील. खरं सांगते, घेतली असती तर मी काही बोलले नसते. त्यांनी ती परत त्याच्याकडे सरकवली.

"ती गेली," मामा म्हणाले. "सव्वा वर्ष झालं. तुम्ही विचारायचात, म्हणून सांगितलं नाही."

औषधवाल्याने डबी उचलून फळीवर होती तिथे नीट लावली, आणि त्याला जमत होता तेवढाच एक प्रश्न विचारला. शेवटची किती होती?

मामांनी खिशातून मीटर काढलं, सगळ्यात जुना आकडा येईपर्यंत बटण दाबून धरलं आणि त्याच्याकडे वळवलं. औषधवाल्याने चष्मा वर करून वाचलं. एकशे चार, सकाळी सहा चाळीस.

"उपाशीपोटी?"

"हो."

"म्हणजे आटोक्यात होती."

"हो," मामा म्हणाले, "आटोक्यात होती."

मग त्यांनी मीटर पाऊचमध्ये घातलं, आणि मागच्या गिऱ्हाइकाला पुढे यायला जागा करून दिली.